टँकचं पाणी आम्लधर्मी झालंय, पीएच ६ च्या वर टिकत नाही. मदत हवी आहे

निळी गप्पी

नमस्कार मंडळी. पुण्यात कोथरूडला राहते. घरी ३० × १२ × १५ इंचाचा टँक आहे, चांगला जुना. गप्पी, मोली, थोडे कोरीडोरास, एक भलंमोठं ड्रिफ्टवूड, त्यावर जावा फर्न आणि अनुबियास. स्पंज फिल्टर चोवीस तास चालू. पाणी महापालिकेचं. एरवी दर रविवारी पाणी बदलतो, पण मुलाच्या दहावीच्या गडबडीत बरेच आठवडे नुसतं आटलेलं पाणी भरणं चालू होतं.

आता मोली एका जागी थांबून अंग थरथरवत बसतात, पुढे सरकतच नाहीत. गप्पी पंख मिटून कोपऱ्यात. पीएचच्या किटमध्ये थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, म्हणजे तक्त्यावरचा शेवटचा रंग, ६.०. नळाच्या पाण्याचा रंग ७.४ शी जुळतो. दुकानदाराने पीएच वाढवायची बाटली दिली. घातली की संध्याकाळी हिरवट रंग येतो आणि सकाळी पुन्हा पिवळा.

पाणी स्वच्छ, काचेसारखं आहे, वास नाही. पाण्यातले एकूण क्षार मोजणारा टीडीएस मीटर ३१० दाखवतो. उद्या सुट्टी आहे म्हणून पाऊण टँक रिकामा करून ताजं पाणी भरायचा विचार आहे. बरोबर ना?

मुठाकाठ

थांबा. पाऊण पाणी अजिबात बदलू नका. कारण सविस्तर लिहितो, आधी ही कामं करा. आज आणि उद्या मासे उपाशी ठेवा, त्यांना काही होत नाही. बाटलीतलं औषध बंद. अमोनियाचं आणि केएचचं (पाण्यातले कार्बोनेट मोजणारं) किट आणा, थेंबांचं, पट्ट्या नकोत. टँक आणि नळ दोन्हीकडचे आकडे इथे टाका. आणि तो पिवळा रंग म्हणजे '६ किंवा त्याहून कमी' असा वाचा. त्या किटला ६ च्या खालचं दिसतच नाही, ५.५ असलं तरी तोच पिवळा येईल.

शेवाळ

मोलीचं ते थरथरणं मऊ, आम्लधर्मी पाण्यात हमखास दिसतं. मोली मुळात क्षारयुक्त पाण्यातला मासा. कोरीडोरासला तेच पाणी त्या मानाने चालून जातं, म्हणून ते तुम्हाला ठीक दिसत असतील.

ड्रिफ्टवूड काढून टाका, बहुतेक तोच गुन्हेगार आहे.

मुठाकाठ

शेवाळ, मोलीबद्दल सहमत. लाकडाबद्दल नाही. इतक्या जुन्या लाकडातलं टॅनिन, म्हणजे पाणी तपकिरी आणि आम्लधर्मी करणारं द्रव्य, बहुतेक निघून गेलेलं असतं, आणि पाणी काचेसारखं आहे म्हणतायत, चहाच्या रंगाचं नाही. आत्ता लाकूड हलवलं तर त्याच्याखालचा गाळ उठेल, ते वेगळंच दुखणं. आकडे येऊ द्या.

निळी गप्पी

किट आणलं. नळ: अमोनिया ०, केएचला तिसऱ्या थेंबाला रंग बदलला. टँक: अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम). केएचचा पहिलाच थेंब टाकला तर पाणी निळं झालंच नाही, थेट पिवळं. पुन्हा करून बघितलं, तेच. किट खराब आहे का?

मुठाकाठ

किट उत्तम आहे. त्या किटमध्ये पाणी आधी निळं होतं आणि मग ज्या थेंबाला पिवळं होतं तितके डिग्री केएच. पहिल्याच थेंबाला पिवळं म्हणजे केएच एकच्या आत, जवळपास शून्य. तुमच्या टँकचं सगळं दुखणं या एका थेंबात आहे.

आपण सगळे पीएचच्या आकड्यामागे धावतो. दुकानातही 'पीएच किती?' एवढंच विचारतात. पण पीएच हा परिणाम आहे. त्याला धरून ठेवतो तो केएच, म्हणजे पाण्यात विरघळलेले कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. ही पाण्याची गंगाजळी समजा: आम्ल तयार झालं की ते यातून भागवलं जातं आणि पीएच जागचा हलत नाही. गंगाजळी संपेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. संपली की पीएच घसरत नाही, कोसळतो. महिनोन्‌महिने ७.२ दिसणारा टँक आठवड्यात ६ च्या खाली जातो तो यामुळे.

आम्ल कुठून येतं? माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. यात आम्ल तयार होतं. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कता, म्हणजे हीच गंगाजळी, खर्च होते. १ डिग्री केएच म्हणजे १७.९ पीपीएम. हिशेब मांडला तर टँकमधला नायट्रेट साधारण ११ पीपीएमने वाढला की एक डिग्री केएच गेला. तुमच्या नळाला मुळात तीनच डिग्री. पाणी बदललं नाही आणि नायट्रेट तीस-पस्तिसाने वाढला की खेळ आटोपला. फिल्टर जितका चांगला चालेल तितकी ही गंगाजळी लवकर संपते, कारण तो त्याचं काम चोख करत असतो.

'पण आम्ही पाणी भरत होतो' असं वाटेल. आटतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून टीडीएस ३१० दिसतोय. टीडीएस मीटर एकूण क्षार सांगतो, त्यातला कार्बोनेट किती उरला ते त्याला कळत नाही. नायट्रेटही त्यातच मोजला जातो. आरओवाल्यांनी घरोघरी ते मीटर पोचवलं आहे, पण टँकच्या आम्लतेसाठी त्यावर विसंबू नका.

बाटलीतल्या औषधाचंही तसंच. ते तेवढ्यापुरतं अल्क टाकतं, रात्रीत ते खर्च होतं आणि सकाळी पुन्हा पिवळा.

प्रयोगवही

मुठाकाठ यांना अनुमोदन. पाऊण पाणी का बदलायचं नाही ते मी लिहिते, रसायनशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया, जो माशांच्या कल्ल्यांना जाळतो. दुसरा अमोनियम, जो त्या मानाने फारच कमी घातक. कोणतं रूप किती, हे मुख्यतः पीएच ठरवतो, थोडंफार तापमान. २५ अंशांना पीएच ६ असेल तर मुक्त अमोनिया हजारात एक भागही नसतो. पीएच ७ ला हजारात साधारण सहा. पीएच ८ ला शंभरात पाच. पीएच एकाने वाढला की विषारी भाग जवळजवळ दहापट. तुमचं किट दोन्ही रूपं मिळून २ पीपीएम दाखवतंय. आज ते बहुतेक सगळं अमोनियम आहे, म्हणून तर मासे जिवंत आहेत.

उद्या पाऊण टँक ७.४ च्या पाण्याने भरलात तर पीएच तासाभरात वर जाईल. एकूण अमोनिया पाव झाला तरी त्यातला विषारी भाग आजच्यापेक्षा कितीतरी जास्त असेल. वर पाण्यातल्या क्षारांचा एकदम झालेला बदल माशांना सोसत नाही तो वेगळाच. 'पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी सगळे मासे गेले, नळाच्या पाण्यात काहीतरी होतं' ही तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे. जुन्या, दुर्लक्षित टँकच्या बाबतीत नळाच्या पाण्याचा दोष अनेकदा नसतोच.

आणखी एक. नायट्रेट करणारे हे जीवाणू पीएच साडेसहाच्या खाली मंदावतात आणि सहाच्या आसपास जवळपास ठप्प होतात. त्यांना स्वतःची वाढ करायलाही कार्बोनेटच लागतं. म्हणून इतक्या जुन्या टँकमध्ये आता अमोनिया दिसतोय.

निळी गप्पी

हे वाचून अंगावर काटा आला. उद्या तेच करणार होते. मग नेमकं काय करू? कृपया चमच्याच्या मापात सांगा.

मुठाकाठ

तुमचा टँक काठोकाठ भरला तर ८८ लिटर. खडी, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ७५ लिटर पाणी धरू.

रोज अर्धी बादली, म्हणजे सात-आठ लिटर बदला. तेवढ्याने पीएच एकदम उडी मारत नाही आणि अमोनिया हळूहळू पातळ होतो. ताजं पाणी क्लोरीन काढून, टँकच्या तापमानाचं आणि बारीक धारेने घाला. एअर पंपाची नळी घेऊन वळसे घालून गाठ मारली की थेंबथेंब पडतं, तसं सोडलंत तर उत्तमच. अमोनिया बांधून ठेवणारं वॉटर कंडिशनर मिळालं तर या दिवसांत तेच वापरा. खाद्य एक दिवसाआड, चिमटीच्या निम्मं. खडीतला गाळ रोज वीतभर जागेतलाच ओढा, सगळी खडी एकदम ढवळू नका. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. काढलेल्या पाण्यात एकदा पिळा, बस.

अमोनिया ०.२५ च्या खाली आला की मगच खायचा सोडा. ७५ लिटरला मापाच्या ५ मिलिलिटर चमच्याने सपाट अर्धा चमचा घातला तर केएच साधारण एकने वाढतो. १०० लिटरला १ डिग्रीसाठी ३ ग्रॅम, हे सूत्र लिहून ठेवा. पण एकदम अर्धा नाही. पाव चमचा तांब्याभर पाण्यात पूर्ण विरघळवून, फिल्टरच्या प्रवाहात, एक दिवसाआड. पीएच दिवसाला ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त वर जाता कामा नये. केएच चार-पाचला पोचला की थांबा.

सोडा म्हणजे खायचा सोडाच. धुण्याचा सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, इनो तर मुळीच नाही, त्यात सायट्रिक आम्ल असतं.

दुसरा मजला

सोड्यापेक्षा बदामाची पानं टाका की. आमच्या सोसायटीत देशी बदामाचं झाड आहे, मी वाळलेली पानं टाकतो, माझा फायटर मासा एकदम तजेलदार आहे. नैसर्गिक उपाय कधीही चांगला.

मुठाकाठ

तुमच्या फायटरला पानं उत्तम, चालू ठेवा. झाडावरची हिरवी न तोडता आपोआप गळलेली तपकिरी घ्यायची आणि रस्त्याकडेची, धुराने माखलेली टाळायची, एवढंच. पण पानं आम्ल वाढवतात. इथे केएच शून्य आहे. या टँकमध्ये पानं घातली तर आधीच खाली गेलेला पीएच आणखी खाली जाईल. तोच उपाय दोन टँकमध्ये औषध आणि विष ठरतो, म्हणून आधी केएच मोजा असं मी प्रत्येक धाग्यावर लिहितो.

वाघोलीवाला

माझं नेमकं उलटं आहे. आमच्याकडे टँकर आणि बोअर. पीएच ८.२, केएच १४ थेंब. मला मऊ पाण्यातले निऑन टेट्रा ठेवायचेत. व्हिनेगर घातलं, लिंबू पिळून बघितलं, पीएच कमी करायचं औषध घातलं. तासाभरात ७ येतो आणि दुसऱ्या दिवशी परत ८.२. कितीही घाला.

प्रयोगवही

आपल्या भागातला खडक बेसाल्ट. भूजल त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरमातून मुरत येताना क्षार घेऊन येतं, म्हणून बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. खडकवासला धरणाचं पाणी मुख्यतः पावसाचं, ते त्या मानाने मऊ. एकाच शहरात कोथरूडची अडचण आणि वाघोलीची अडचण उलट्या दिशांच्या, याचं कारण हे. कुणाचा सल्ला घ्यायचा तर आधी त्याचं पाणी कुठलं ते विचारा.

तुम्ही आम्ल घालता तेव्हा ते बायकार्बोनेटशी लढून कार्बन डायऑक्साइड तयार करतं. तो पाण्यात असेपर्यंत पीएच खाली दिसतो. एअर पंप त्याला उडवून लावतो आणि उरलेला केएच पीएचला परत वर नेतो. १४ डिग्री संपवण्याइतकं आम्ल घालत बसलात तर रोजच्या या झोक्यांनीच मासे दमतील. लिंबू-व्हिनेगरने पाण्यात जीवाणूंना खाऊ मिळतो, पाणी गढूळ होतं. फॉस्फेटवाली औषधं असतील तर शेवाळ.

केएच कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे आरओचं पाणी मिसळणं. एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ: १४ चा साडेतीन होतो. मग बदामाची पानं, लाकूड यांचा परिणाम दिसू लागतो. नुसत्या आरओवर टँक चालवू नका, नाहीतर निळी गप्पी यांच्यासारखा केएच शून्य. आणि घरच्या आरओला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो कच्चं पाणी परत मिसळतो, म्हणून आरओच्या नळाचाही केएच एकदा मोजा. मशीनमधून बाहेर पडणारं जास्तीचं पाणी टँकला नको, फरशी पुसायला वापरा. टँकरवर राहणाऱ्यांनी ते मोरीत सोडावं हे बघवत नाही.

शेवाळ

वाघोलीवाला, मनापासून सांगू? त्या पाण्यात मोली, प्लॅटी, गप्पी सुखाने राहतील, पिल्लं देतील. आफ्रिकन सिक्लिडलाही मलावी सरोवरासारखं अल्कधर्मी पाणीच लागतं. निऑनसाठी दर आठवड्याला आरओचे कॅन वाहायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. आपल्या नळाला जो मासा मानवतो तो पाळण्यात जास्त आनंद आहे.

दुसरा मजला

माझा एक प्रश्न. सोसायटीने वरची टाकी रिकामी करून आतून नवीन सिमेंटचं प्लास्टर केलं. तेव्हापासून पीएच ८.६ च्या पुढे. फायटर सुस्त झालाय.

मुठाकाठ

नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो. काही महिन्यांत कमी होत जातं. तोवर पाणी बादलीत काढून रात्रभर एअर पंप लावा. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या चुन्याला शमवतो, सकाळी पीएच उतरलेला दिसेल. तरी मोजूनच घाला. शक्य असेल तर महापालिकेचा थेट नळ, जो टाकीत जायच्या आधी येतो, तिथून बादली भरा.

निळी गप्पी

ताजी खबर: अमोनिया आता किटवर जेमतेम दिसतो. काल पहिला पाव चमचा सोडा घातला. संध्याकाळी पीएच हिरवट, सकाळीही तोच! मोली चालायला लागली आहे. दुकानदार म्हणतो, सोडा रोज कुठे घालत बसता, कोरलचे तुकडे फिल्टरमध्ये टाका, कायमचं काम होईल. टाकू का?

मुठाकाठ

छान! आता घाई करू नका.

कोरल मात्र घेऊ नका. प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच यादीत. काम करतं ते त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट, ते दुसरीकडेही मिळतं. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मागा, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात ते पांढरं, हलकं कटलबोन म्हणजे तेच. बोटाएवढा तुकडा आधी तरंगतो, दोऱ्याने स्पंजजवळ बांधा. किंवा संगमरवराची बारीक खडी जाळीच्या पिशवीत. पाणी आम्लाकडे गेलं की ती जास्त विरघळते, पीएच साडेसातच्या पुढे गेला की फारशी विरघळत नाही. विसरभोळ्या माणसाला हे सोड्यापेक्षा सोयीचं. पण मंद आहे, आठवड्याने केएच मोजून खडी कमी-जास्त करायची.

घ्यायच्या आधी खडीवर व्हिनेगरचा थेंब टाकून कान जवळ न्या. संगमरवर असेल तर चर्रर आवाज येतो आणि बारीक बुडबुडे उठतात. पांढरी दिसणारी प्रत्येक खडी संगमरवर नसते. गारगोटी असेल तर थेंब नुसता पडून राहतो, ती टँकमध्ये शोभेपुरतीच.

शेवाळ

हीच चाचणी सिंहगडावरून, नदीतून उचलून आणलेल्या दगडांनाही करा. आपला काळा दगड निरुपद्रवी, पण त्याच्या पोकळ्यांत आणि भेगांत पांढरं काही असतं ते कधी झिओलाइट असतं, कधी कॅल्साइट. कॅल्साइट फसफसतं. नदीकाठची चुनखडीही. वाघोलीवाल्यांनी आरओ मिसळून केएच खाली आणायचा आणि आत असला दगड ठेवायचा, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

आणि ज्यांच्याकडे भरपूर वनस्पती आहेत त्यांनी पीएच रोज एकाच वेळी मोजा. दिवसा वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतात, पीएच चढतो. रात्री सगळेच तो सोडतात, पहाटे पीएच सर्वांत कमी. सकाळ-संध्याकाळचे आकडे शेजारी ठेवून घाबरून औषध घातलेले लोक बघितले आहेत.

प्रयोगवही

पावसाळ्यासाठी एक पुरवणी. धरणात गढूळ पाणी आलं की शुद्धीकरणात तुरटीसारखी द्रव्यं जास्त लागतात, आणि तुरटी केएच खाते. घरीही कुणी बादलीत तुरटी फिरवत असेल तर ते पाणी टँकला नको. जून ते सप्टेंबर नळाचा केएच महिन्यातून एकदा तरी तपासा. तीनचा दोन झाला तर आठवड्याला एक बादली पुरायची ती पुरणार नाही.

निळी गप्पी

सगळ्यांचे मनापासून आभार. केएच आता चारवर आहे, पीएच ७.२, अमोनिया शून्य. समुद्रफेस बुधवार पेठेत मिळालं. शेवटचा प्रश्न: गणपतीला आठवडाभर गावी जायचंय. जाताना पाणी बदलून, थोडा जास्त सोडा घालून जाऊ का? शेजारच्या काकू खाद्य घालतील म्हणाल्यात.

मुठाकाठ

जायच्या दिवशी काहीच करू नका. पाणी चार दिवस आधी बदला, म्हणजे काही बिघडलं तर तुम्ही घरात असाल. जास्तीचा सोडा नको, चार केएचवर आठवडा आरामात निघतो, समुद्रफेस आहेच. मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. पिल्लं असतील तरच काकूंना सांगा, आणि डबा त्यांच्या हाती देऊ नका. एका वेळचं खाद्य कागदाच्या पुडीत बांधून, एक दिवसाआडच्या मोजक्या पुड्या ठेवा. लाइट टायमरवर, एअर पंप चालू. आल्यावर आधी केएच, मग पीएच, मग पाणी बदलायचं.